कावा इजेनची निळी आग पाहायला जाताना
सोलापूरकरांना उन्हाची सवय असली, तरी इंडोनेशियातील पूर्व जावामधल्या कावा इजेन ज्वालामुखीवर पहाटे कडाक्याची थंडी असते, म्हणून सामानात स्वेटर आणि शिदोरीला कडक भाकरी व शेंगाचटणी अवश्य घ्यावी. भेगांतून निघणारे गंधकयुक्त वायू हवेत पेटून निळ्या ज्वाला उठतात, पण त्या अंधारातच दिसतात. त्यामुळे चढण मध्यरात्रीनंतर अंधारातच सुरू करावी. विवरात उतरण्याची परवानगी आहे का, हे स्थानिक वाटाड्याला आधी विचारावे आणि गॅस मास्क लावूनच पुढे जावे. उजाडल्यावर दिसणारे फिरोजी सरोवर अत्यंत आम्लधर्मी असल्याने त्याच्या पाण्याला हात लावू नये. पिवळ्याधमक गंधकाच्या ७० ते ९० किलोंच्या टोपल्या खांद्यावर वाहणाऱ्या कामगारांना मात्र आधी वाट द्यावी. त्यांचे कष्ट पाहून जीव गलबलतो.