मुलांना समुद्र शिकवायचा तर एक खडक निवडा

पर्यटकांची गर्दी असलेल्या किनाऱ्यावर मुलांसाठी काही करायचं म्हटलं की आधी स्वच्छता मोहीम सुचते. मीही तिथूनच सुरुवात केली. मुलांनी चार पोती प्लास्टिक गोळा केलं, फोटो निघाले आणि पुढच्या महिन्यात एकही मूल आलं नाही. त्यांनी कचरा पाहिला होता, समुद्र नाही. तेव्हापासून मी खडकावर जाते.

तेरा-चौदा वर्षांची आठ-दहा मुलं पुरेत. अमावास्या-पौर्णिमेनंतरचा एखादा दिवस घ्या. तेव्हा ओहोटी खूप खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला खडक उघडा पडतो. भरती-ओहोटीचं कोष्टक मुलांनाच वाचू द्या. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे त्यांचं त्यांनाच सापडतं. पाणी फिरलं की परतायचं, यात तडजोड नाही. शंकूच्या आकाराच्या शंखांना हात लावू द्यायचा नाही. त्यांतल्या काहींचा दंश जीवघेणा असतो.

पाइपचा एक मीटरचा चौकोन बनवा आणि दर महिन्याला त्याच जागी ठेवा. आतलं सगळं मोजून वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी मुलं हमखास म्हणतात, "इथे काहीच नाहीये." मग मी त्यांना पाच मिनिटं डबक्याकाठी गप्प बसवते. रिकामा वाटणारा एक शंख चालायला लागतो! आत खेकडा असतो. तो वाढला की त्याला मोठा शंख लागतो, आणि रिकामे शंख आपण घरी नेले तर तो अडकून पडतो. यावर वेगळं भाषण लागत नाही. दगड उलटून पाहिला तर हळूच, होता तसाच परत ठेवायचा. खालचे जीव उन्हात मरतात.

चार-पाच महिन्यांनी मुलांना पर्यटकांसमोर उभं करा. पलाऊ या बेटांच्या देशात २०१७ पासून पाहुण्यांच्या पासपोर्टवर निसर्ग जपण्याच्या प्रतिज्ञेचा शिक्का मारतात, त्याखाली पाहुण्यांना सही करावी लागते. ती लिहिताना तिथल्या मुलांची मदत घेतली होती. तुमच्या मुलांनाही पाहुण्यांसाठी तीन वाक्यं लिहू द्या, तुम्ही दुरुस्त करू नका. आमच्यातल्या एका मुलीने खिसे शंखांनी भरणाऱ्या माणसाला अडवलं नाही, त्याला डबक्यापाशी नेऊन तो खेकडा दाखवला. त्याने स्वतःच खिसे रिकामे केले.

होड्यांच्या नांगराचा विषय मात्र जपून काढा. काही प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, नांगर ती क्षणात मोडतो. पण वर्गातल्या कुणाचे तरी वडील पर्यटकांची होडी चालवतात. त्या मुलाला गुन्हेगाराचा मुलगा वाटू देऊ नका. प्रवाळ कुठे आहे आणि वाळू कुठे, हे त्याच्याच घरी सर्वांत चांगलं ठाऊक असतं. नकाशा त्यालाच काढायला सांगा.

आणि ती वही कपाटात ठेवू नका. नवी तुकडी आली की जुन्या मुलांनीच तिला खडकावर न्यायचं, चौकोनाची जागा दाखवायची आणि वही तिथेच हातात द्यायची.