गिटहब असू दे, किल्ल्या मात्र आपल्या कनवटीला

सांगली-साताऱ्याकडे ओपन सोर्सचा, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवून सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा, गट बहुतेक वेळा कॉलेजात जन्माला येतो. कोड गिटहब या कंपनीच्या साइटवर जातो, बोलणं व्हॉट्सॲपवर नाहीतर डिस्कॉर्डवर, नावनोंदणी गूगल फॉर्मवर. महिन्याभरात कुणीतरी विचारतंच: सॉफ्टवेअर मुक्त म्हणायचं आणि बिऱ्हाड सगळं कंपन्यांच्या ओसरीवर, हे कसं काय?

प्रश्न रास्त आहे, पण जाणत्या मंडळींचंही त्यावर एकमत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची बाजू घेणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्वन्सी या संस्थेने जून २०२२ मध्ये प्रकल्पांना गिटहब सोडण्याचं उघड आवाहन केलं. त्याच वर्षी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाने आपला स्वतंत्र बग ट्रॅकर गुंडाळून सगळे इश्यू (चुका-सूचनांच्या नोंदी) गिटहबवर नेले. डेबियन, ग्नोम, केडीई हे मोठे मुक्त प्रकल्प गिटहबसारखंच गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात, पण त्यांच्याकडे सर्व्हरवर लक्ष ठेवणारी माणसं आहेत. आठ-दहा जणांच्या गटाला ती चैन परवडत नाही. म्हणून इथे निकष एकच धरलाय: आज रात्री खातं बंद झालं तर उद्या संध्याकाळपर्यंत दुसरीकडे काम सुरू करता येईल का? येत असेल तर कंपनीचा प्लॅटफॉर्म खुशाल वापरा. येत नसेल तर खालची कामं करा.

दार कसकसं बंद होतं

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम २००२ पासून बिटकीपर या मालकीच्या साधनावर चालायचं. एप्रिल २००५ मध्ये त्याची फुकट परवानगी गेली आणि त्याच महिन्यात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन लिहायला घेतलं. प्रत्येक गटात टोरवाल्ड्स नसतो. गूगल कोड ही कोड ठेवायची सेवा बंद होणार हे मार्च २०१५ मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झालं, म्हणजे आवरायला दहा महिने मिळाले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या गिटहब खात्यांवर मर्यादा आल्या. व्हिडिओ उतरवणाऱ्या यूट्यूब-डीएलचा रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) ऑक्टोबर २०२० मध्ये एका कायदेशीर नोटिशीवरून गायब झाला आणि पुढच्या महिन्यात परत आला. स्लॅक या गप्पांच्या सेवेने सप्टेंबर २०२२ पासून फुकट योजनेत ९० दिवसांमागचे संदेश दिसणं बंद केलं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा, कारण दार उघडंच असतं. आतलं सामान हललंय हे जुनं काहीतरी शोधायला गेल्यावर कळतं.

आधी कागदावर यादी

कोड, इश्यू, गप्पा, कागदपत्रं, वेबसाइटचा पत्ता, रिलीजच्या फाइली, सभासदांची यादी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: कुठे आहे, बाहेर कसं काढता येतं, लॉगिन कुणाकडे आहे. तिसऱ्या रकान्यात एकच नाव पुन्हापुन्हा आलं तर खरा धोका कंपनीचा नसून त्या एका माणसाचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

पत्ता विकत घ्या

एवढी एकच गोष्ट पैसे देऊन घ्यायची. स्वतःचं डोमेन घ्या, जमल्यास एकदम पाच वर्षांसाठी. पोस्टरवर, रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या ओळखीच्या फाइलीत), क्यूआर कोडात गिटहबचा पत्ता कधीच छापू नका. आपल्या डोमेनवरचा ‘कोड’ असा पत्ता छापा आणि तो गिटहबकडे वळवा. उद्या घर बदललं तर पोस्टर तेच राहतं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, वळण ३०१ क्रमांकाचं म्हणजे कायमचं लावलं जातं. ब्राउझर ते लक्षात ठेवतात आणि तुम्ही पत्ता बदलला तरी लोक जुन्याच दारात जाऊन उभे राहतात. म्हणून ३०२, म्हणजे तात्पुरतं, लावा. वळवताना रेपोच्या पुढचा मार्ग जसाच्या तसा चिकटून गेला पाहिजे, नाहीतर पान दिसतं पण क्लोन (रेपोची प्रत उतरवणं) अडतो. दुसरी चूक, डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल दिला जातो. मुदत संपली की ईमेलही बंद, मग नूतनीकरणाची सूचना आणि ओटीपी येणार कुठे?

कोड: मिरर वेगळा, बॅकअप वेगळा

जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर ‘गिट क्लोन’ला ‘मिरर’ हा पर्याय जोडून हुबेहूब प्रत घ्या आणि रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणारी सोय) ‘गिट रिमोट अपडेट’ चालवा. साध्या क्लोनवर विसंबू नका. त्यात बाकीच्या ब्रँच (कामाच्या समांतर शाखा) तुमच्या स्वतःच्या म्हणून तयार होत नाहीत. ऐनवेळी दुसरीकडे ढकलायला (पुश करायला) गेलं की एकटी ‘मेन’ ही मुख्य ब्रँच जाते आणि बाकीच्या मागे राहतात.

पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून फोर्स पुश करून, म्हणजे जुन्यावर जबरदस्तीने नवं ढकलून, महिन्याभराचं काम उडवलं, तर रात्री मिररची ब्रँचही आज्ञाधारकपणे तिकडेच सरकते. म्हणून दर रविवारी ‘गिट बंडल क्रिएट’ हा आदेश ‘ऑल’ पर्यायासह चालवा. सगळा इतिहास एका फाइलीत येतो. फाइलीच्या नावात तारीख घाला आणि शेवटच्या आठ फाइली ठेवा. ही फाइल पेन ड्राइव्हवर मावते आणि इंटरनेटशिवाय तिच्यावरूनच क्लोन करता येतो. ‘गिट बंडल व्हेरिफाय’ने तपासा, आणि महिन्यातून एकदा खरोखर क्लोन करून बघा.

बंडलमध्ये काय येत नाही हे माहीत हवं. एलएफएस या गिटच्या जोडसाधनाने ठेवलेल्या मोठ्या फाइली येत नाहीत, त्यांच्यासाठी ‘गिट एलएफएस फेच’ ‘ऑल’सह वेगळं चालवायचं. गिटहबची विकी हा स्वतंत्र रेपो असतो, त्याचाही मिरर घ्या. रिलीजला जोडलेल्या झिप आणि एपीके फाइली गिटमध्ये नसतातच, त्या हाताने उतरवा.

हे सगळं खाजगी रेपोसाठी टोकन (पासवर्डऐवजी द्यायची किल्ली) वापरून करत असाल तर टोकनची मुदत कॅलेंडरवर लिहा. टोकन संपलं की क्रॉन रोज रात्री मुकाट्याने नापास होत राहतो आणि कुणाला पत्ता नसतो. शेवटच्या बंडलची तारीख १० दिवसांपेक्षा जुनी झाली तर ईमेल यावा, एवढी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते.

मिरर गिटहबच्याच दुसऱ्या रेपोत ढकलताना ‘हिडन रेफ’ची तक्रार येते. कारण मिररसोबत पुल रिक्वेस्टचे (‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचे) अंतर्गत संदर्भही उतरलेले असतात आणि गिटहब ते परत घेत नाही. घाबरू नका. आधी सगळ्या ब्रँच, मग सगळे टॅग (आवृत्त्यांच्या खुणा) असे दोनदा ढकला.

दुसरं घर म्हणून गिटहबसारखंच कोडबर्ग चांगलं आहे. बर्लिनमधली ना-नफा संस्था ते फोर्जेहो या मुक्त सॉफ्टवेअरवर चालवते, आणि ते मुक्त प्रकल्पांसाठीच आहे. दोन्हीकडे एकदम पुश करायचं तर गिटच्या रिमोटला (दूरच्या रेपोच्या नोंदीला) दुसरा पुश-पत्ता जोडता येतो. फक्त पहिला पुश-पत्ता जोडला की मूळचा गळून पडतो, म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही मुद्दाम जोडा.

इश्यू

गिटहबचं आदेशांचं साधन वापरून इश्यू जेसनमध्ये (मजकुराच्या ठरावीक साच्यात) उतरवता येतात. पण काही न सांगता ते फक्त उघडे इश्यू देतं आणि तेही ३०. ‘स्टेट’ला ‘ऑल’ आणि ‘लिमिट’ला मोठा आकडा द्या, आणि आलेली संख्या पानावरच्या संख्येशी ताडून बघा. इश्यूत चिकटवलेले स्क्रीनशॉट जेसनमध्ये येत नाहीत, नुसत्या लिंक येतात. महत्त्वाचे असतील तर वेगळे उतरवा.

कोडबर्गवर किंवा तुमच्या फोर्जेहोवर ‘मायग्रेशन’मधून इश्यू, लेबल, पुल रिक्वेस्टची चर्चा थेट ओढता येते. टोकन द्यायला विसरू नका. त्याशिवाय गिटहब तासाला ६० विनंत्यांवर थांबवतं आणि काम अर्ध्यात लटकतं. टोकनसह ५,००० मिळतात.

ज्याला तत्त्व म्हणून गिटहबवर खातं काढायचंच नाही, त्याच्यासाठी रीडमीमध्ये एक ओळ ठेवा: ‘गिट फॉरमॅट-पॅच’ने पॅच (बदलांची फाइल) काढून या ईमेलवर पाठवा. लिनक्स कर्नलचं काम आजही ईमेलवरच्या पॅचने चालतं.

गप्पा

गट खरा अडकतो तो इथे. कोड चार लॅपटॉपवर सापडेल, पण ‘हे असं का केलं’ हे फक्त चॅटमध्ये असतं.

व्हॉट्सॲपवर नव्याने आलेल्या माणसापुढे मागचं सगळं बोलणं नसतं. शिवाय फोन नंबर सगळ्या गटाला दिसतो. अनोळखी गटात नंबर द्यायला अनेकजणी कचरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. टेलिग्राममधून इतिहास काढता येतो, पण तो पर्याय डेस्कटॉप ॲपमध्ये आहे, मोबाइलवर शोधत बसू नका. नव्या लॉगिनवरून मागितलं तर सुरक्षेसाठी २४ तास थांबवलं जाऊ शकतं, म्हणजे ऐनवेळचा उपाय तो नव्हे. डिस्कॉर्डमध्ये पूर्ण सर्व्हर उतरवून घ्यायची अधिकृत सोयच नाही, आणि तिथली उत्तरं सर्च इंजिनलाही सापडत नाहीत. तांत्रिक मदतीसाठी डिस्कॉर्ड हा आमच्या मते सगळ्यात वाईट पर्याय आहे, कितीही चकचकीत असला तरी.

झुलिप हे गप्पांचं सॉफ्टवेअर मुक्त आहे. त्यात प्रत्येक बोलण्याला विषय देता येतो, त्यामुळे सहा महिन्यांनीही माग लागतो. ओपन सोर्स प्रकल्पांना ते होस्ट केलेली सेवा फुकट देतात, आणि सगळी निर्यात घेऊन पुढे स्वतःच्या सर्व्हरवर जाता येतं. गप्पांसाठी मॅट्रिक्सही चांगलं, फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०२० मध्ये आयआरसी ही जुनी चॅट व्यवस्था सोडून तेच घेतलं. मॅट्रिक्सवर जाहीर खोली उघडताना एन्क्रिप्शन चालू करू नका. एकदा चालू केलं की त्या खोलीत ते बंद करता येत नाही, आणि नव्या माणसाला जुने संदेश सहसा वाचता येत नाहीत.

आता व्यवहाराचं. लोक व्हॉट्सॲप सोडणार नाहीत, सोडायला लावूही नका. ते दवंडीपुरतं ठेवा: सभा कधी, कुठे, लिंक काय. चर्चा कुठेही होवो, निर्णय रेपोमधल्या ‘निर्णय’ फोल्डरात लिहिल्याशिवाय पक्का धरायचा नाही. समजा गट कृष्णेची पाणीपातळी दाखवणारं ॲप करतोय. नोंद अशी दिसेल:

‘१२ जुलै. पातळी दर १५ मिनिटांऐवजी तासाला ओढायची. कारण: मूळ आकडाच तासाला बदलतो, फुकट विनंत्या जातात. विरोध: पुराच्या काळात तास जास्त होतो. ठरलं: ४० फुटांवर गेली की पुन्हा १५ मिनिटं.’

एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. ‘विरोध’ची ओळ वगळू नका, वर्षभराने तोच वाद नव्याने होतो.

बिल्ड

बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारं ॲप तयार करणं. ते आपोआप करणाऱ्या गिटहब ॲक्शन्सच्या फाइलीत सगळे टप्पे भरू नका. सगळं रेपोतल्या एका शेल स्क्रिप्टमध्ये (आदेशांच्या फाइलीत) ठेवा आणि ॲक्शन्सला फक्त ती स्क्रिप्ट चालवायला सांगा. मग दुसरीकडे जाताना बदलायच्या असतात मोजक्या ओळी.

जूनची व्यवस्था

कॉलेजच्या गटाचा घात कंपनीपेक्षा जून महिना जास्त करतो. शेवटच्या वर्षाचा ॲडमिन पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, आणि ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात राहतो. कोड देणाऱ्यांसाठी गिटहबने २०२३ पासून दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं करायला घेतलं, त्यामुळे हा प्रश्न आणखी टोकदार झालाय.

रेपो व्यक्तीच्या खात्यावर ठेवू नका, ऑर्गनायझेशनवर (गिटहबवरच्या गटाच्या खात्यावर) हलवा. ओनर निदान तिघे, त्यातला एक दुसऱ्या वर्षाचा आणि एक गावात राहणारा, म्हणजे शिक्षक किंवा नोकरदार. एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप वापरा. रिकव्हरी कोड कागदावर छापून दोन घरांत पाकिटात ठेवा. कोडचा फोटो काढून ग्रुपवर टाकणारा एकजण निघतोच, त्याला आधीच सांगून ठेवा. मेच्या पहिल्या आठवड्यात कागदावरची यादी काढून तिसरा रकाना बदला.

स्वतःचा सर्व्हर?

लगेच नको. फोर्जेहो हलकं आहे, छोट्या गटाला एक जीबी रॅम आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो. अडतं ते देखभालीपाशी. सुरक्षेचा अपडेट आला की दोन दिवसांत लावणारे दोघे हवेत, परीक्षेच्या काळातसुद्धा. घरच्या फायबरवर चालवायचं म्हटलं तर अनेकदा जोडणी सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता) असते, बाहेरून पोर्ट उघडतच नाही. मग भाड्याचा व्हीपीएस (कंपनीकडचा आभासी सर्व्हर) बरा.

आणि आपल्याकडे पाणी आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. हरिपूरच्या हळदीच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) २००५ च्या पुरात पाणी शिरलं होतं. सांगलीत तळमजल्यावर मिरर आणि त्याच इमारतीत पेन ड्राइव्ह, याला दोन प्रती म्हणत नाहीत. एक प्रत सांगलीत असेल तर दुसरी विट्याला किंवा साताऱ्याला, कुणाच्यातरी कपाटात वरच्या फळीवर.

सराव

वर्षातून दोनदा, शनिवारी दुपारी, तीन तास. कोऱ्या लॅपटॉपवर बसा. गिटहब, गूगल, व्हॉट्सॲप यांपैकी कशातही लॉगिन करायचं नाही. बंडलवरून क्लोन करा, स्क्रिप्टने बिल्ड करा, कोडबर्गवर तात्पुरत्या रेपोत ढकला, डोमेनचं ३०२ तिकडे वळवा, आणि घरी बसलेल्या एखाद्याला पोस्टरवरच्या पत्त्यावरून क्लोन करायला सांगा. ज्याने ही व्यवस्था लावली त्याला त्या दिवशी कीबोर्डला हात लावू देऊ नका, त्याने फक्त बघायचं. पहिल्या सरावात तीन-चार गोष्टी अडतातच: डोमेनचा पासवर्ड, एलएफएसची फाइल, कुठलीतरी गुप्त की जी फक्त ॲक्शन्सच्या सेटिंगमध्ये होती. प्रत्येकाचा इश्यू नोंदवा, वळण पूर्ववत करा, आणि पुढच्या रविवारच्या निर्यातीत ते इश्यू आलेत का बघा.