कम्युनिटी कॉलेजात टेनिस कोच व्हायचं असेल तर

बे एरियातल्या मराठी घरांतून मला अधूनमधून विचारणा होते. मुलगी हायस्कूलच्या टीममध्ये चांगली खेळली, आता तिला कोचिंगच करायचंय, तर काय करावं? कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे जिथून पुढे विद्यापीठात जाता येतं अशा दोन वर्षांच्या कॉलेजात, टेनिस शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी कागदपत्रांचं. नुसतं चांगलं खेळता येऊन भागत नाही. पूर्णवेळ प्राध्यापक-कोच व्हायचं तर साधारणपणे कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा शारीरिक शिक्षणात मास्टर्स लागतं. अशा जागा फार थोड्या निघतात. बहुतेकांची सुरुवात पार्ट-टाइमनेच होते. पगार तेवढ्यात भागत नाही, म्हणून सकाळी क्लबात खासगी धडे आणि दुपारी कॉलेजची टीम, असं बरीच वर्षं चालतं. घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

आता खरं काम. सामन्यात सहा सिंगल्स आणि तीन डबल्स, म्हणजे एकूण ९ गुण. पाच मिळाले की जिंकलात. तुमच्याकडे पाचच खेळाडू असतील तर सहावी सिंगल्स आणि तिसरी डबल्स न खेळताच गेली. चारच असले तर तीन गुण गेले. इथे खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, त्यामुळे खेळाडू आपोआप चालून येत नाहीत. म्हणून नवख्या कोचने पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूमागे धावण्याआधी सहावा शोधावा. सप्टेंबरमधल्या टेनिसच्या वर्गात नीट बघा. बॅडमिंटन खेळून आलेली, मनगट चांगलं असलेली एखादी मुलगी तिथे हमखास सापडते. तिला व्हॉली आणि दुसरी सर्व्ह एवढं पक्कं शिकवलं तरी जानेवारीत ती तिसऱ्या डबल्सला उभी राहते. माझे कित्येक सामने अशाच मुलींनी जिंकून दिले.

बॅकहँडइतकाच युनिटांचा, म्हणजे विषयांच्या क्रेडिट्सचा, हिशेब तुम्हाला यायला हवा. सीझनमध्ये खेळाडूने किमान १२ युनिट घेतलेले असावे लागतात. दुसऱ्या वर्षी खेळायचं तर मधल्या काळात २४ युनिट पूर्ण आणि ग्रेडची सरासरी (जीपीए) २.० हवी. मार्चमध्ये गणित जड जातं म्हणून मुलगा गुपचूप एक विषय सोडतो, ११ युनिटांवर येतो आणि खेळायला अपात्र ठरतो. म्हणून दर आठवड्याला विचारायचं, "काय रे, कोणता विषय जड जातोय?" यातली बरीच मुलं रात्री नोकरी करतात, काही जण घरातून कॉलेजात आलेले पहिलेच असतात. विषय निवडताना सल्ला देणाऱ्या काउन्सेलरची वेळ घ्यायची असते, हे सांगणारंही कुणी नसतं. ते काम कोचचं आहे, असं मी ठामपणे मानतो.

खेळायला मिळतात दोनच सीझन. मुलगा तयार झाला की त्याला पुढे विद्यापीठात पाठवायचं. ब्रॅड गिल्बर्ट १९८० ते १९८२ या काळात फूटहिल कॉलेजात टॉम चिव्हिंग्टन यांच्याकडे खेळला, मग पेपरडाइन विद्यापीठात गेला, १९८२ मध्ये एनसीएएच्या (अमेरिकन विद्यापीठांच्या) स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचला आणि पुढे जगात चौथा झाला. आमच्या पेशातल्या सगळ्यांना हे उदाहरण तोंडपाठ आहे. पण माझ्या लेखी सॅन होजे स्टेटला ट्रान्सफर होऊन नर्स झालेली माझी पाचव्या क्रमांकाची खेळाडू तितकीच मोठी आहे.

उरलेली कामं कुणी आधी सांगत नाही. व्हॅन चालवणं, पाऊस थांबला की कोर्टावरचं पाणी ओढणं, रॅकेटच्या तारा बसवणं आणि क्रमवारी प्रामाणिकपणे लावणं. कमकुवत खेळाडूला मुद्दाम वर ठेवून खाली सोपे गुण मिळवण्याचा मोह धरू नका. शेजारचे कोच ते लगेच ओळखतात, आणि त्यांच्याशी तुमचा दरवर्षी संबंध येणार असतो.

एप्रिलअखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावच्या टेनिस स्पर्धेला एकदा जाऊन या. १८९६ पासूनची ही स्पर्धा, आणि कम्युनिटी कॉलेजचे खेळाडूही तिथे खेळतात. सामन्यांपेक्षा कुंपणाबाहेरच्या कोचांकडे लक्ष द्या आणि मध्यंतरात त्यांच्याशी बोला. साहाय्यक हवाय का, हे विचारायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी त्यांना पुन्हा एकदा फोन करा.