जुन्या मॉनिटरचा टीव्ही करताना

संगणक बदलला की जुना मॉनिटर बहुधा माळ्यावर जातो आणि तिथेच राहतो. स्वयंपाकघरात किंवा आजीच्या खोलीत दुसरा टीव्ही हवा असेल, तर तो खाली उतरवायला हरकत नाही. मात्र मॉनिटर हा नुसता पडदा असतो. वाहिन्या पकडणारा ट्यूनर त्यात नसल्यामुळे केबलवाल्याची किंवा छत्रीची वायर त्याला थेट लावता येत नाही. ते काम सेट टॉप बॉक्सने किंवा इंटरनेटवर चालणाऱ्या फायर टीव्ही स्टिकसारख्या उपकरणाने करायचे असते. बऱ्याच मॉनिटरना स्पीकरही नसतात. चित्र आणण्याची खटपट सगळेच करतात. आवाजाची आठवण मात्र चित्र दिसू लागल्यावर होते, आणि तोवर एखादी निरुपयोगी केबल विकत घेऊन झालेली असते.

म्हणून दुकानात जाण्याआधी मॉनिटरची पाठ पाहावी. तिथे एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलमधून घेणारे सॉकेट असेल, तर निम्मे काम झाले. रुंद, बहुधा पांढरे डीव्हीआय असेल, तर एचडीएमआय–डीव्हीआय केबल पुरते, कारण दोन्हींतला चित्राचा डिजिटल संदेश एकाच पद्धतीचा असतो. आवाजाची सोय मात्र वेगळी करावी लागते. काही जुन्या डीव्हीआय मॉनिटरमध्ये एचडीसीपी हे नकलविरोधी संरक्षण नसते. अशा मॉनिटरवर सशुल्क वाहिन्या किंवा ओटीटीचे चित्रपट लावले की पडदा काळा राहतो, आणि केबल बदलून तो उजळत नाही.

फक्त निळे, १५ पिनांचे व्हीजीए असेल, तेव्हा खरी काळजी घ्यावी लागते. माझा १९ इंची मॉनिटर असाच होता. मी एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली साधी केबल हौसेने आणली आणि अर्धा तास ती काढ-घाल करत बसलो. चित्र येणार कुठून? एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए ॲनालॉग. मध्ये रूपांतर करणारी चिप नसेल, तर पिना जोडल्याने काही साधत नाही. त्यासाठी चिप असलेला कन्व्हर्टर हवा, आणि तोही शेजारी ३.५ मिलिमीटरचे आवाजाचे छिद्र असलेलाच मागून घ्यावा. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशा वस्तू सहज मिळतात. बॉक्सला केवळ पिवळी, लाल व पांढरी अशी एव्ही सॉकेट असतील, तर रूपांतराची निराळी डबी घ्यावी लागते. त्यापेक्षा एचडीएमआय असलेला बॉक्स घेणे मला शहाणपणाचे वाटते. दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशसाठीही तसे बॉक्स मिळतात.

सगळे जोडूनही पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी फिरू लागली, तर मॉनिटर बिघडला असे समजू नये. आपल्याकडचे प्रक्षेपण सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे, म्हणजे ५० हर्ट्‌झचे, तर बहुतेक मॉनिटर ६० हर्ट्‌झला सरावलेले. शिवाय १०८०आय हा एका वेळी एकाआड एक ओळीच पाठवणारा टीव्हीचा प्रकार अनेक मॉनिटरना समजत नाही. अशा वेळी बॉक्स घटकाभर दुसऱ्या टीव्हीला जोडून सेटिंगमध्ये ७२०पी किंवा १०८०पी निवडावे आणि मग परत आणावा. ५० आणि ६० यांतला पर्याय मिळत असेल, तर ६० घ्यावा. माझ्यासारखा १२८० × १०२४ चा चौकोनी मॉनिटर असल्यास चित्र ७२० ओळींतच बसते आणि वर-खाली १५२ ओळींचे काळे पट्टे राहतात. ते घालवायला चित्र ताणू नये. बातम्या सांगणारी निवेदिका उगाच लांबुडकी दिसते.

आवाजासाठी कन्व्हर्टरच्या त्या छिद्रात संगणकाचे साधे स्पीकर लावावेत. एचडीएमआय मॉनिटरला हेडफोनचे छिद्र असेल, तर आवाज बहुधा तिथून मिळतो. पण मागचे हिरवे छिद्र काही मॉनिटरमध्ये आवाज आत घेण्यासाठी असते, तेव्हा त्याशेजारचे चिन्ह वाचूनच वायर घालावी. तेही नसेल, तर बॉक्सच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून आवाज घेता येतो. स्टिक असेल, तर ब्लूटूथ स्पीकर जोडला की वायरींचा गुंता टळतो. स्टिकला वीज मात्र तिच्यासोबतच्या ॲडॅप्टरनेच द्यावी. मॉनिटरच्या साध्या यूएसबीतून बहुधा अर्धा अँपिअरच मिळतो, आणि चांगला रंगात आलेला कार्यक्रम सोडून स्टिक पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

शेवटी जागा. जुन्या मॉनिटरचे पॅनेल समोरून पाहण्यासाठी केलेले असते; खालून पाहिले, की चेहरे काळवंडतात. मी तो आधी फ्रिजवर ठेवला होता. पाटावर बसून भाजी निवडणाऱ्या आईला त्यात नुसत्या सावल्या दिसत होत्या. आता तो ओट्याजवळच्या खालच्या फळीवर, शेगडीच्या वाफेपासून दूर, किंचित पुढे झुकवून ठेवला आहे.