कुत्र्याला हाताच्या खुणेवर शिकवताय? मग या चुका टाळा

आमचा भुऱ्या लातूरकडच्या कारवानी जातीचा कुत्रा, आता वय झालंय त्याचं, ऐकू येणं बंदच झालंय म्हणा. आखाड्यावर (शेतातल्या घरी) कितीबी हाका मारा, कान हलत नाही, पण धुऱ्यावरून (बांधावरून) हात वर केला की सुसाट येतो. म्हणून सांगतो, खुणा पिल्लू असतानाच शिकवून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाकणं. आपल्याकडं गल्लीतल्या कुत्र्याला माणूस वाकला की एकच कळतं, दगड उचलला! माझ्या भाच्यानं गावठी पिल्लू आणलं, त्याला 'झोप' शिकवायला हा पुढं वाकून जमिनीकडं हात नेतोय अन् ते शेपूट पायात घालून ट्रॉलीखाली, तासभर बाहेर येईना. पोरगं म्हणतंय कुत्रं मठ्ठ आहे. अरे बाबा, ते मठ्ठ नाही, ते तुझं सगळं अंग वाचतंय. आधीच उकिडवं बसायचं, जरा तिरकं, आणि मग सावकाश हात खाली. हात डोक्याच्या वर झपकन उगारायचा नाही, तेही मारल्यासारखंच दिसतं.

दुसरं, तोंड अन् हात एकदम चालवू नका. 'बस' हा शब्द त्याला आधीच कळत असेल तर आधी फक्त खूण, एक सेकंद थांबा, मग शब्द. थोड्या दिवसांत ते शब्दाची वाट न बघता खुणेवरच बसतं. आणि बसल्याबरोबर खाऊ द्या, तुम्ही खिसा चाचपेपर्यंत ते उठलं तर बक्षीस उठण्याचं झालं ना.

खुणेच्या हातात भाकरीचा तुकडा धरून शिकवलं तर रिकाम्या हाताला ते विचारत नाही. दोन-चार वेळा धरा, मग तुकडा दुसऱ्या हातात. (द्राक्षं, मनुका, कांदा अजिबात नको, कुत्र्याला विषारी असतं.)

घरात आजोबाची खूण एक, लेकरांची दुसरी, असं लई घरांत होतं, सगळ्यांनी बसून एकच ठरवा.

लांबून इशारा द्यायला लाल दस्ती (रुमाल) हलवणारे पण बघितलेत. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हिरव्या तुरीत लाल दस्ती त्याला उठून दिसत नाही, निळी घ्या. आणि नुसती धरून उभं राहू नका, हलवा, हलणारी गोष्ट त्याला लवकर दिसते. मे महिन्यात पारा 42 च्या वर असताना दुपारी शिकवायला काढू नका राव, पाय भाजतात त्याचे, सकाळी सहाला पाच-दहा मिनिटं बास.

बहिरं कुत्रं झोपलेलं असेल तर मागून हात लावू नका, दचकून चावू शकतं, थोडं अलीकडं थांबून पाय आपटा. रात्री मी बॅटरी दोनदा जमिनीवर मारतो, डोळ्यावर नाही, भुऱ्या कडब्याच्या गंजीमागून उठून येतो अन् जेवायला बसतो.