एडिटमधला ऑडिओ मिक्सिंगला पाठवताना आणि परत आणताना

एडिट झालं, आता साउंडचं काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करायचंय, तर बरेच जण टाइमलाइनची एकच स्टिरिओ फाइल काढून पाठवतात. नुसतं थोडं साफ करायचं असेल तर चालतं, पण नीट मिक्स हवा असेल तर प्लीज असं करू नका. डायलॉग आणि म्युझिक एकदा एकात गेलं की डायलॉगमागची घरघर काढताना म्युझिकचीपण वाट लागते. साउंडवाल्याला प्रत्येक क्लिप सुटी पाहिजे, तिच्या जागेवर.

त्यासाठी एएएफ, म्हणजे प्रत्येक क्लिप टाइमलाइनवर कुठे बसते ती माहिती नेणारी फाइल. प्रीमियरमध्ये फाइल, मग एक्सपोर्टमध्ये सापडतं, रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पेजवर प्रो टूल्सचा (हे साउंडचं सॉफ्टवेअर) प्रीसेट आहे, फायनल कटमधून एक्सएमएल निघतं, ते एक्स२प्रो सारख्या टूलने एएएफ करून घ्यायचं. जुनं ओएमएफपण असतं पण त्याला २ जीबीची मर्यादा आहे, म्हणून दुसरा मार्गच नसेल तरच. सगळीच साउंड सॉफ्टवेअर एएएफ थेट उघडत नाहीत, तेव्हा समोरच्याला आधी विचारून घ्या.

एक्सपोर्ट करायच्या आधी टाइमलाइन आवरा. डायलॉग, म्युझिक, इफेक्ट वेगवेगळ्या ट्रॅकवर, नको असलेल्या म्यूट क्लिप काढून टाकलेल्या, नेस्ट केलेलं (अनेक क्लिप एकात गुंडाळलेल्या) सगळं सुटं केलेलं. क्लिपवर लावलेले ईक्यू (आवाजाचा जाड-बारीकपणा बदलणारा इफेक्ट) वगैरे पलीकडे तसेच पोचतील असं धरू नका, आणि रेंडर करून पाठवलेत तर ते मग काढता येत नाहीत, त्यामुळे ते बंद करून पाठवलेलंच बरं. हँडल मात्र भरपूर द्या. हँडल म्हणजे कटच्या आधीचा आणि नंतरचा जास्तीचा ऑडिओ, २ ते ५ सेकंद तरी असू दे, नाहीतर क्रॉसफेड करायला मटेरियलच उरत नाही आणि प्रत्येक कटला टक्क असा आवाज येतो.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्डिंग ४४.१ वर असेल तर नीट कन्व्हर्ट करा, कारण ४८ ची फाइल कुठे ४४.१ समजून वाजली तर आवाज जाड होतो आणि लांबतोपण. फ्रेम रेट तर लिहूनच कळवा. २३.९७६ आणि २४ मध्ये काय एवढा फरक असं वाटतं, पण त्या गोंधळात तासाला साडेतीन सेकंदांहून जास्त सिंक सरकतो, आणि सुरुवात बरोबर दिसते म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. मोबाइलवरच्या शूटला फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो, ते फुटेज एडिटच्या आधीच ठरावीक फ्रेम रेटला कन्व्हर्ट करून घ्या.

सोबत रेफरन्स व्हिडिओ द्या, त्यावर टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) दिसत असलेला, आणि त्यात तुमचा कच्चा मिक्सपण असू दे म्हणजे एएएफमध्ये एखादी क्लिप हरवली तर लगेच कळतं. आणि टू-पॉप टाका! बरेच जण हे टाळतात, मला खरंच कळत नाही का, मिनिटभराचं काम आहे. पिक्चर ०१:००:००:०० ला सुरू होत असेल तर बरोबर २ सेकंद आधी, ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमचा १ किलोहर्ट्झचा बीप आणि त्याच फ्रेमवर पडद्यावर एक खूण. शेवटच्या फ्रेमनंतर २ सेकंदांनी तसाच अजून एक. दोन्ही बीप जागेवर असतील तर मधे ऑडिओ हळूहळू सरकलेला नाही एवढं नक्की.

परत येताना वेव्हच मागा, एमपी३ नको, एन्कोड करताना तिच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते आणि सिंक हलतो. पूर्ण मिक्ससोबत डायलॉग, म्युझिक, इफेक्टचे स्टेमपण (प्रत्येकाची वेगळी मिक्स केलेली फाइल) घ्या, उद्या दुसऱ्या भाषेत डब करायचं ठरलं तर तेच उपयोगी पडतात. फाइल टू-पॉपला जुळवून बसवा, जुने ट्रॅक म्यूट करा (डिलीट नको), मग सुरुवात, मधे कुठेतरी आणि शेवट, तिन्हीकडे ओठ बघा. लाउडनेस आधीच ठरलेला असू दे, ईबीयू आर१२८ (युरोपातल्या ब्रॉडकास्टचं लाउडनेसचं मानक) पाळायचं असेल तर वजा २३ एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक), आणि मिक्स आल्यावर त्यावर परत नॉर्मलाइझ किंवा लिमिटर लावत बसू नका.

मिक्स चालू असताना एडिट बदललंच, तर नुसतं फोनवर सांगून भागत नाही. नवीन एएएफ, नवीन रेफरन्स व्हिडिओ आणि कुठल्या टाइमकोडला किती फ्रेम कापल्या किंवा घातल्या त्याची यादी पाठवा, आणि फाइलच्या नावात व्हर्जन नंबर टाका.