व्हीएम रीबूट केलं, तरी रांग २५६ चीच

केव्हीएमवर (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायची सोय) नव्याने काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

डीएनएसचं (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचं) व्हीएम होतं. गर्दीच्या वेळी उत्तरं हरवायची. व्हीएमच्या आत इथटूलने (नेटवर्क कार्डाची माहिती देणारी कमांड) पाहिलं तर ड्रॉप, म्हणजे गळालेली पॅकेटं, शून्य. शेवटी होस्टवर (ज्या मशीनवर व्हीएम चालतं तिथे) 'आयपी -एस लिंक' चालवलं, तेव्हा व्हीनेट३ च्या, म्हणजे त्या व्हीएमच्या होस्टवरच्या नेटवर्क जोडणीच्या, टीएक्स (पाठवण्याच्या) ओळीत ड्रॉपचा आकडा वाढताना दिसला. होस्टचं टीएक्स म्हणजे व्हीएमचं आरएक्स (येणारी पॅकेटं), हे डोक्यात पक्कं बसवा. व्हर्टिओची, म्हणजे व्हीएमच्या आभासी नेटवर्क कार्डाची, आरएक्स रांग मुळात २५६ जागांची. व्हीएमला ती उपसायला थोडा उशीर झाला की ती भरते, मागे टॅपची (होस्टवरच्या त्याच व्हीनेट जोडणीची) रांग तुंबते आणि पुढची पॅकेटं गळतात.

'व्हर्श एडिट' (व्हर्श ही व्हीएम सांभाळायची कमांड) करून ड्रायव्हरच्या ओळीत आरएक्सची रांग १०२४ केली, व्हीएम रीबूट केलं. ड्रॉप तसेच! पुन्हा एडिट उघडलं, तिथे १०२४ दिसत होतं, म्हणून मी भलतीकडेच शोधत बसलो. सीनियरने दिलेली सिस्कटीएलची (लिनक्स कर्नलच्या सेटिंगची) यादीही चिकटवली. अशा याद्यांवर माझा अजिबात विश्वास उरलेला नाही. ड्रॉप नेमका कुठे होतोय, हे आधी विचारणारा सीनियर शोधा.

खरी गोम अशी: रांगेची लांबी क्वेमूची (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) प्रोसेस सुरू होताना ठरते. आतून रीबूट करा किंवा 'व्हर्श रीबूट' करा, प्रोसेस तीच राहते. एडिटमध्ये दिसतं ते पुढच्या वेळेसाठीचं कॉन्फिगरेशन. चालू व्हीएमचं पाहायचं तर 'व्हर्श डंपएक्सएमएल'. व्हीएम पूर्ण शटडाऊन करा, यादीत 'शट ऑफ' दिसू द्या, मगच स्टार्ट करा. आत 'इथटूल -जी' १०२४ दाखवेपर्यंत काम झालं असं कुणाला कळवू नका. मी कळवलं होतं, आणि क्लायंटकडे दुसऱ्यांदा डाउनटाइम मागताना फार जड गेलं.

घाबरू नका, बदल एका ओळीचाच आहे. माझे ड्रॉप त्या रात्री थांबले. मात्र व्हीएमचा सीपीयूच सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर लांब रांगेने फक्त उशीर वाढतो. तिथे मल्टीक्यू (एकाऐवजी अनेक रांगा) लावा. आणि टीएक्सची रांगही १०२४ करायच्या फंदात पडू नका, साध्या टॅप जोडणीत ती २५६ च्या पुढे जात नाही.